साळवीबाईंची उघडी कमान

चित्रकलेचा तास सुरू झाला की साळवीबाई फळ्याकडे वळायच्या आधी वर्गातून एक पत्र्याचा डबा फिरवायच्या. डबा बिस्किटांचा होता, झाकणावरचं चित्र कधीच उडून गेलेलं. प्रत्येकाने आपलं खोडरबर त्यात टाकायचं आणि तास संपला की ज्याचं त्याने उचलून न्यायचं. म्हणून आमच्या शाळेतल्या पोरांच्या रबरांवर बॉलपेनने नावं लिहिलेली असत. पाचवीत नवीन आलेली मुलं पहिल्या तासाला हमखास रडकुंडीला यायची. महेश नावाचा एक पोरगा तर खरोखरच रडला होता. त्याच्या माडाचं खोड काढता काढता पार कागदाच्या कडेपर्यंत वाकडं गेलं होतं.

"बाई, रेघ चुकली."

बाई वाकल्या, कागद फिरवून बघितला. "चुकली तर चुकली. पुसायची नाही हो. तिला कामाला लाव. खोड वाकलंय ना, मग वारा कुठून येतोय ते काढ."

महेशने वारा काढला, वाऱ्याने उडालेली झावळी काढली, पळणारी कोंबडी काढली. ते चित्र बाईंनी वर्षभर वर्गात लावून ठेवलं. पोरं मागून बाईंना 'रबरबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. एकदा एक पालक तणतणत आले, की परीक्षेत रबर चालतं, मग तुमचाच हा आगाऊ नियम कशाला? बाई म्हणाल्या, "परीक्षेत खुशाल वापरू दे. माझ्या वर्गात आधी बघायला शिकू दे."

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो. रत्नागिरीतल्या त्या शाळेच्या शिक्षकखोलीत आमची टेबलं शेजारी होती, त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. बाई मूळच्या लांज्याकडच्या. उंच, सडसडीत, साडीचा पदर कायम खोचलेला आणि आवाज असा की मधल्या सुट्टीत मैदानावरची पोरं गप्प व्हावीत. विनय नावाचा गुण देव वाटत होता तेव्हा बाई बहुतेक दुसऱ्या रांगेत उभ्या होत्या. स्वतःचं चित्र समोर धरून म्हणायच्या, "मास्तर, बघा. काय झक्क झालंय." मी थट्टेने म्हणायचो, "बाई, हे दुसऱ्याने म्हणायचं असतं." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "दुसऱ्याची वाट कोण बघत बसणार? चांगलं झालंय त्याला वाईट म्हणायचं म्हणजे खोटं बोलायचं, आणि ते पोरांसमोर मला जमायचं नाही."

स्टीलचं वेड त्यांना पन्नाशी ओलांडल्यावर लागलं. शाळेचं लोखंडी गेट गंजून मोडलं, ते दुरुस्त करायला एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधली माणसं आली. त्या वर्कशॉपमध्ये मासळीच्या कारखान्यांसाठी स्टीलची टेबलं आणि टाक्या बनत. बाई सहज बघायला म्हणून गेल्या आणि मे महिन्याची सगळी सुट्टी तिथेच मुक्कामाला असल्यासारख्या राहिल्या. जूनमध्ये शाळेत आल्या त्या दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग घेऊन. "आपल्याकडे लोखंडाचं काही खरं नाही," त्या म्हणाल्या. "खारी हवा दोन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे काढते. हे बघा, हे समुद्राला भीत नाही." निवृत्त झाल्यावर तर त्यांना मोकळं रानच मिळालं. आधी मासे केले, मग पक्षी केले, मग असं काहीतरी करू लागल्या की जे बघून शेजारीपाजारी विचारत, "हे काय आहे?" आणि बाई म्हणत, "आहे ना? मग झालं."

अशा बाईंकडे शहराच्या सुशोभीकरण समितीची माणसं आपण होऊन गेली, तेव्हा आम्हा जुन्या सहकाऱ्यांची छाती फुगली. शहर संपून कातळ सुरू होतो तिथे एक तिठा आहे. तीन रस्ते मिळतात आणि मधे थोडी मोकळी, उघडी जागा. समितीने ती जागा पावसाळ्यात बघितली होती. आजूबाजूला कमरेएवढं गवत आणि मधे नेमकं काही उगवलेलं नाही, म्हणजे शिल्पासाठी आयतीच मोकळी. तिथेच गवत का उगवत नाही, असा प्रश्न मात्र कोणाला पडला नाही. बाईंनाही नाही.

बाईंनी त्या जागेसाठी एक कमान केली. म्हणजे कमान आपली म्हणायची. तिचे दोन पाय जांभ्या दगडातून निघाले होते, पण एकसारखे नव्हते. एक सरळ वर जाणारा, दुसरा बाहेर झुकून मग परत आत येणारा. वर जाऊन दोन्ही एकमेकांभोवती पीळ घेऊन एक होत. बाहेरून पत्रा खरखरीत, धुक्याच्या रंगाचा. आतून आरशासारखा. तो वरचा पीळ म्हणजे बाईंच्या सगळ्या कामाचा कळस होता. त्याच्यासाठी त्यांनी किती पत्रे वाया घालवले कोण जाणे. दोन पाय नेमके कुठे एक झाले, तो सांधा बोट फिरवूनही कळत नसे. मला शिडीवर चढवून त्यांनी तो हात लावून बघायला लावला होता. "सापडला सांधा?" "नाही सापडला." "सापडायचाच नाही," बाई खालून ओरडल्या, आणि त्या दिवशी त्यांच्या तोंडावर जो अभिमान होता तो बघून मला वाटलं, माणसाने निदान एकदा तरी असं काहीतरी करावं.

उद्घाटनाला पाटी हवी, पाटीवर अर्थ हवा, असं समितीचं म्हणणं पडलं. बाईंनी साफ सांगितलं, "फणसाला कोणी पाटी लावतं का?" मग ते काम मराठीचा मास्तर म्हणून माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'हे शिल्प म्हणजे एकता, प्रगती व समृद्धी यांचे प्रतीक होय.' बाईंनी ते वाचलं आणि कागद शांतपणे मला परत दिला. "मास्तर, छान आहे. हे बँकेच्या कॅलेंडरवरही चालेल." पाटी राहिली ती राहिलीच. लोकांनी आपापले अर्थ लावले. कोणाला त्यात मासळीचा गळ दिसला, कोणाला नथ. रिक्षावाल्यांनी तिला 'जिलबी' केलं आणि त्या नावावर सवारीही घेऊ लागले. तिठ्याजवळच्या वाडीतली एक म्हातारी हातातली टोपली खाली ठेवून कमानीभोवती पूर्ण फिरली आणि बाईंना म्हणाली, "बाय, येवडा इस्टील, आनि नाव नाय घातलाव?" आमच्याकडे स्टीलच्या वाटीवरसुद्धा देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, तेव्हा तिचंही बरोबर होतं. बाई कित्येक दिवस हा किस्सा सांगून हसत होत्या.

हसणं शिमगा जवळ येईपर्यंत टिकलं. फाल्गुन लागला आणि वाडीतले मानकरी पांडूतात्या चार माणसं घेऊन समितीच्या बैठकीत येऊन उभे राहिले. गावदेवीची पालखी होळीनंतर देवळातून निघते, ती घरोघर जायच्या आधी सीमेवर, म्हणजे त्या तिठ्यावर, नाचवतात. पोरं पालखी खांद्यावर घेतात, ढोलावर नाचत नाचत हातांवर उंच उचलतात, तीन रस्त्यांना तीनदा दाखवतात. हे तात्यांच्या आजोबांच्याही आधीपासून चालत आलेलं. गवत उगवत नव्हतं ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी. आणि नेमक्या त्या जागेवर आता बाईंची कमान उभी होती.

"पण तात्या, पाया खणला तेव्हा तुम्ही सगळे तिथेच होतात ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"व्हतू ना. बघत व्हतू."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलाव नाय, आमी बोललू नाय."

मीही इथलाच. न विचारता बोलायचं नाही आणि विचारलं तर सरळ बोलायचं नाही, ही आमची रीत आहे. अख्खी वाडी पावसाळा सरल्यापासून खणणं, ओतणं, उभं करणं बघत होती आणि शिमग्याला काय होणार ते प्रत्येकाला कळत होतं. अध्यक्षांनी घसा साफ करून सुचवलं, "पालखी जराशी बाजूला नाही का नाचवता येणार?"

"येल की," तात्या म्हणाले. "तुमच्या घरातला देवारा पन मोरीत हलवता येल."

बैठकीत एकच गलका झाला. कोणी म्हणालं, कमान पायातून कापून गोडाऊनमध्ये टाका. कोणी म्हणालं, एवढं काम वाया घालवायचं का, गाववाल्यांनाच समजवा. बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांची जन्माची कमाई गोडाऊनमध्ये तरी जाणार होती, नाहीतर गावाच्या देवाला आडवी येऊन उभी राहणार होती. तिसरं काही कोणाला दिसत नव्हतं, आणि काही न ठरताच बैठक मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मला घेऊन तात्यांच्या अंगणात गेल्या. तात्या काजूच्या बिया बोंडांपासून सोडवत बसले होते. अंगणभर बोंडांचा आंबूस वास. बाई खुर्ची नको म्हणाल्या, खाली बसल्या आणि त्याही बिया सोडवू लागल्या. बोलल्या त्या शाळेतल्या भाषेत नाही, लांज्याकडच्या आपल्या घरच्या बोलीत. मी ती त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली.

"तात्यानू, चुकला माजा. आदी इचाराला पायजे व्हता."

तात्यांचे हात थांबले. मोठ्या माणसाने असं सरळ कबूल केलं की आमच्याकडे समोरचाच अवघडतो. "तसा काय नाय, बाय," ते म्हणाले. "काम तुमचा वायट नाय."

"ता मना म्हाईत हाय," बाई म्हणाल्या. तेवढ्यातही त्या बाईच होत्या. "मना येवडाच सांगा, पालखीला आड काय येता? पाय का माथा?"

तात्यांनी हातातली बी टोपलीत टाकली. "पायांचा काय नाय. पायांतनं जाल पालखी, जागा मोप हाय. पन देवाच्या डोक्यावर काय नको. वर आबाळच पायजे."

"बरा," बाई म्हणाल्या आणि ओटीतल्या बिया तात्यांच्या टोपलीत रिकाम्या करून उठल्या.

परतताना मला त्यांचा बेत कळला आणि मी रस्त्यातच उभा राहिलो. "बाई, तो माथा म्हणजेच तर ते शिल्प आहे! तो पीळ, तो सांधा! तो काढला तर राहिलं काय? त्यापेक्षा अख्खी काढून दुसरीकडे उभी करू."

"म्हणजे पुसायचं," बाई म्हणाल्या. "मास्तर, जन्मभर पोरांची रबरं काढून घेतली मी. आता माझ्यावर वेळ आली तर डब्यातून उचलू?"

समितीने विरोध करून बघितला, आमच्या परवानगीशिवाय कापता येणार नाही म्हणाली. बाईंनी सुनावलं, "मग परवानगी द्या. नाहीतर शिमग्याला तिथे तुम्ही उभे राहा." परवानगी दुपारपर्यंत मिळाली.

कापायचं काम त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. भल्या सकाळी परांची बांधली, डोळ्यांवर चष्मा चढवला, पदर खोचला आणि ग्राइंडर हातात घेतला. सगळी वाडी रस्त्याकडेला उभी होती. ठिणग्या उडत होत्या आणि ग्राइंडर कर्कश ओरडत होता. मला बघवत नव्हतं, खरं सांगायचं तर मी मधे तोंड फिरवलं. त्यांचा हात मात्र एकदाही थांबला नाही. पिळाचा तो तुकडा दोराने खाली उतरवला, तेव्हा बाईंनी त्याच्यावरून एकदा हात फिरवला, जसा वर्गात पोरांच्या कागदावरून फिरवायच्या तसा. मग परत वर चढल्या आणि कापलेली टोकं घासत बसल्या, कोणाला लागू नये म्हणून. उतरल्या तेव्हा घामाने न्हालेल्या होत्या. तात्या दोन पायांच्या मधे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी मान वर केली.

"दिसला," ते म्हणाले.

"काय दिसलं?"

"आबाळ."

त्या वर्षीचा शिमगा मी विसरणार नाही. देवीची रूपं, म्हणजे मुखवटे, लावलेली पालखी ढोलताशांच्या गजरात तिठ्यावर आली. बाई आणि मी गर्दीच्या मागे, एका आंब्याखाली. मुंबईहून आलेले चाकरमानी पुढे होते, त्यात महेशही होता, वाकड्या माडाचा. पालखी दोन स्टीलच्या पायांमधून आत शिरली, आणि आतल्या आरशासारख्या अंगात देवीची रूपं, गोंडे, पोरांचे गुलालाने माखलेले चेहरे, सगळं डावीउजवीकडे लखलखू लागलं. ढोल चढला. पोरांनी पालखी हातांवर उंच उचलली, अगदी उंच, आणि जिथे तो पीळ होता, नेमकी त्या मोकळ्या जागेत पालखी डोलू लागली. क्षणभर कमान पूर्ण झाली होती. गाऱ्हाणं घालताना तात्यांनी सगळ्या वाडीचं, पोटापाण्यासाठी परगावी गेलेल्यांचं भलं मागितलं, आणि शेवटी म्हणाले, "आनि जिना आपल्या हातानी वाट उगडून दिलान, तिच्या हातांना यश दे, म्हाराजा!" सगळा तिठा एका आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

बाईंनी डोळे पुसले नाहीत. तसेच वाहू दिले. थोड्या वेळाने माझ्या कानाशी म्हणाल्या, "मास्तर, आधीच्यापेक्षा झक्क झालंय." मी ह्या वेळी थट्टा केली नाही. मला त्या बाईंच्या शेजारी उभं असल्याचाच अभिमान वाटत होता.

पुढे कितीतरी वर्षं, पाऊस उघडला की बाई बादली आणि जुनं धोतर घेऊन तिठ्यावर जायच्या आणि कमान गोड्या पाण्याने धुवायच्या. खाऱ्या हवेत स्टीलही तांबूस डाग धरतं, समुद्राला भीत नसलं तरी. येणारेजाणारे गाड्या थांबवून विचारत, "हे अर्धवट का सोडलंय? अर्थ काय ह्याचा?" बाई म्हणत, "शिमग्याला या." कोणी चिकाटीने विचारलंच, तर सांगत, "मी कमान केली होती. तिचं दार गावाने केलं." एवढं बोलून फडकं पिळायच्या. माझ्या एकता-प्रगती-समृद्धीपेक्षा हे किती बरं, हे मला कळायचं आणि त्या मुद्दाम माझ्याकडे बघायच्या.

परवाच्या पावसाळ्यात बाई गेल्या. थोडं आजारपण झालं, पण शेवटपर्यंत आवाज तोच. भेटायला आलेल्या डॉक्टरांना त्यांनी विचारलं होतं, "काय चुकलंय ते सांगा, पुसायचं नाटक नको." त्यांच्या अंत्ययात्रेला आमच्या शाळेच्या जुन्या मुली आल्या होत्या, आणि घरच्यांना न विचारता त्यांनीच खांदा दिला. पिळाचा तो कापलेला तुकडा बाईंनी आपल्या दाराला टेकू म्हणून ठेवला होता. जाण्याआधी तो त्यांनी माझ्याकडे पाठवला. सोबत निरोप, "मास्तरांचं दार आपटतं फार."

मागच्या शिमग्याआधी समितीतला एक तरुण अधिकारी माझ्याकडे आला. बदली होऊन नुकताच आलेला, घाटावरचा, मनाने चांगला. म्हणाला, "सर, साळवी मॅडमच्या स्मरणार्थ काहीतरी करायचंय. त्यांचं शिल्प मोडलेल्या अवस्थेत आहे. वरचा भाग तुमच्याकडे आहे असं कळलं. तो जोडून घेतला की शिल्प पूर्ण होईल, आणि खाली त्यांच्या नावाची पाटी लावू." बोलता बोलता त्याची नजर दाराशी गेली. तुकडा तिथेच होता. त्या पोराच्या डोळ्यांत इतका भाव होता की मला नाही म्हणवेना. मी म्हटलं, "पालखीच्या दिवशी तिठ्यावर या. तिथल्या लोकांना विचारू." विचारायचं राहून गेलं की काय होतं, ते एकदा बघितलं होतं मी.

तो आला. तात्या आता थकले आहेत, खुर्चीत बसून असतात. पालखी घ्यायला महेश पुढे होता, केस पिकू लागलेला, कमरेला शेला आवळत. अधिकाऱ्याने त्याला सगळं नीट समजावून सांगितलं, तुकडा जोडण्याचं, शिल्प पूर्ण करण्याचं. महेशने मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाला, "साहेब, बाई आम्हाला रबर वापरू देत नव्हत्या."

एवढं बोलून तो दांडीखाली वाकला. अधिकाऱ्याने गोंधळून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "थांबा जरा. वर बघा." ढोल चढला, हात वर गेले, आणि पालखी त्या दोन टोकांच्या मधे आभाळात जाऊन डोलू लागली. त्याने वर बघितलं ते पालखी खाली येईपर्यंत मान खाली केली नाही, आणि हात कधी जोडले ते त्यालाही कळलं नसावं.

तुकड्याचं नंतर त्याने विचारलं नाही. तो माझ्या दाराशीच आहे. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, तेव्हा दार धरून ठेवतो.